एक जू उतरवल्यावर : पंडिता रमाबाई आणि वाँटेजच्या भगिनी

१८८५ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील चेल्टनहॅमहून एका सत्तावीस वर्षांच्या मराठी विधवेने वाँटेज येथील एका अँग्लिकन भगिनीला पत्र लिहिले. पत्राचा सूर नम्र होता. आशय मात्र तसा नव्हता. देवाने आपल्याला सदसद्विवेकबुद्धी, विचारशक्ती आणि निर्णयशक्ती दिली आहे आणि ती वापरण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही, असे तीत म्हटले होते. आपल्या देशातील पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने नुकतेच उतरवले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जू मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असाही त्या पत्राचा आशय होता. लिहिणाऱ्या होत्या पंडिता रमाबाई. त्यांच्या बाप्तिस्म्याला तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

रमाबाई ख्रिस्ती झाल्या म्हणून पुण्याने त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. त्याच काळात चर्चमधील वडीलधारी मंडळीही त्यांच्या बंडखोरीने हवालदिल झाली होती, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. या दुसऱ्या वादाचा विषय एकाच प्रश्नात मावतो : ख्रिस्ती माणूस स्वतंत्र असतो म्हणजे नेमके काय, आणि आपल्या श्रद्धेबद्दल त्याने उत्तर द्यायचे ते कोणापुढे?

रमाबाईंना हा प्रश्न इंग्लंडमध्ये प्रथम भेटला असे नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला होता. शास्त्रीबुवांनी शास्त्राधारेच आपली बाजू मांडली आणि पुढे गंगामूळच्या रानात संसार थाटला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. जमिनजुमला हातचा गेल्यावर हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे हिंडू लागले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पदवी मिळाली आणि श्रद्धा ढळू लागली, असा हा विलक्षण योग आहे. धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचल्यावर, इतर सर्व बाबतींत परस्परांशी भांडणारे हे ग्रंथ स्त्रीच्या कनिष्ठपणाबद्दल मात्र एकमुखाने बोलतात, असे त्यांना दिसून आले. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी हे स्पष्टपणे नोंदवले आहे. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषाही वेगळी. १८८२ मध्ये पटकीने पतीचा मृत्यू झाला आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे त्याच १८८२ सालातले आहे. चोवीस वर्षांच्या या बाईच्या मागे कोणी वडीलधारा उरला नव्हता. आपले निर्णय आपण घ्यायचे आणि त्यांचे परिणामही आपणच सोसायचे, ही शिस्त त्यांना परिस्थितीनेच लावली होती.

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला निघाल्या. बरोबर मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत नावाची सहचरी होती. वाँटेजच्या ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या भगिनीसंघात राहायचे, भगिनींना मराठी शिकवायचे आणि स्वतः इंग्रजी शिकायचे, अशी व्यवस्था ठरली. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत मात्र पुढे सोडून द्यावा लागला. थोड्याच काळात आनंदीबाईंनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या घरी झालेला हा आघात किती खोल होता याची कल्पनाच केलेली बरी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतरामागे अनेक धागे होते. मूळचे कोकणस्थ ब्राह्मण आणि काशीत विद्वान म्हणून गाजलेले नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या तर्कशुद्ध लेखनाचा आणि पत्रव्यवहाराचा त्यांच्या बुद्धीवर प्रभाव पडला. मनाची पकड घेतली ती वेगळ्याच गोष्टीने. लंडनजवळच्या फुलहॅम येथे या भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत होत्या. ज्या स्त्रियांना जगात कोठेही थारा नव्हता त्यांची सेवा तेथे प्रेमाने होताना रमाबाईंनी पाहिली. ज्या धर्मातून ही करुणा उपजते तो धर्म आपला, असे त्यांना वाटले. म्हणजे त्यांनी स्वीकारला तो ख्रिस्त. चर्चची सगळी व्यवस्था त्याबरोबर आपोआप स्वीकारली गेली, असे त्यांनी कधीच मानले नाही. भगिनींना मात्र ते तसेच गृहीत होते, आणि गैरसमजाचे मूळ येथेच आहे.

येथे थोडी पार्श्वभूमी हवी. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिले ते सदसद्विवेकबुद्धीच्या आधारावर. माणूस आणि देव यांच्यामध्ये पुरोहिताची मध्यस्थी अटळ नाही, हा प्रॉटेस्टंट विचाराचा गाभा होय. १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिताना ल्यूथरने एक विरोधाभासही मांडला होता : श्रद्धेमुळे माणूस कोणाचाही अंकित राहत नाही, आणि प्रेमामुळे तो सर्वांचा सेवक होतो. इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाले, तरी बिशप, धर्मगुरू आणि परंपरा यांची उतरंड त्याने टिकवून ठेवली. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेल्या चळवळीने तर प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपांच्या अधिकारावर नव्याने भर दिला. वाँटेजचा भगिनीसंघ १८४८ साली स्थापन झाला तो याच प्रवाहातून. आज्ञापालन हा तेथील जीवनाचा कणा होता. थोडक्यात, रमाबाई प्रॉटेस्टंट देशात आल्या खऱ्या, पण उतरल्या त्या त्यातल्या सर्वांत परंपरानिष्ठ घरी.

या घरात त्यांच्या आध्यात्मिक पालक होत्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. हा स्नेह खरा होता. भांडण इतके टोकदार झाले तेही त्यामुळेच. परक्या माणसाशी कोणी इतक्या पानांची पत्रे लिहून भांडत नाही.

ठिणग्या पडल्या त्या वरवर किरकोळ बाबींवरून. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडे घातलेले पुडिंगही खात नसत. सिस्टर जेराल्डिनना यात जातीचा अभिमान दिसला. हिंदूंमध्ये राहायला गेलेल्या इंग्रज बाईने आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय, असा उलट सवाल रमाबाईंनी केला. मग क्रूसावरील अक्षरांचा प्रश्न आला. भगिनींच्या रिवाजाप्रमाणे ती लॅटिन असायची. रमाबाईंना संस्कृत हवी होती. आपल्याला वा आपल्या देशबांधवांना न कळणाऱ्या लॅटिनमध्ये असे काय आहे जे संस्कृतात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ख्रिस्ती होणे आणि इंग्रज होणे या दोन गोष्टी त्यांनी पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या. आज हे सहज पटते. तेव्हा मिशनच्या वर्तुळातील फार थोड्यांना पटत असे.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात दाखल झाल्या. प्राचार्या डोरोथिया बील या मुलींच्या उच्च शिक्षणासाठी झटणाऱ्या, वृत्तीने उदार. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना पुढे आली, आणि भारतातल्या बिशपांच्या कानांवर ती जाताच विरोध झाला. बाईने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिच्याविषयीचा आदर उणावेल, अशी त्यांची भीती. रमाबाईंचे उत्तर मार्मिक होते. आपल्या आईने व आपण तरुणांना शिकवण्याला ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने. ती घ्यावी इंग्रजांनी, याचे त्यांना नवल वाटले. शिवाय निर्णय आपल्याविषयी होता आणि तो घेताना आपल्याला कोणी विचारलेही नाही, ही त्यांची खरी तक्रार होती.

यथावकाश वाद तत्त्वांवर आला. त्र्यैक्याचा सिद्धान्त आणि अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतसार त्यांच्या बुद्धीला पटेना. जे पटत नाही ते पटले असे म्हणणे म्हणजे देवापुढे खोटे बोलणे, ही त्यांची भूमिका. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला : कालची नवशिकी आज शतकानुशतकांच्या चर्चला शिकवू पाहते! स्वातंत्र्य हे नियमाच्या चौकटीतच शोभते, चौकट मोडली की तो स्वैराचार होतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो हास्यास्पद मुळीच नव्हता. प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा ठरवले तर समान श्रद्धेचा समाज टिकायचा कसा, हा प्रश्न ल्यूथरच्या काळापासून प्रॉटेस्टंटांचा पिच्छा पुरवीत आला आहे.

रमाबाईंचे उत्तर मात्र त्या युक्तिवादाच्या मुळाशी जाते. देवाच्या आज्ञेचे पालन आणि पुरोहितांच्या आज्ञेचे पालन या भिन्न गोष्टी आहेत, असे त्यांनी सांगितले. देवाच्या आज्ञेपासून सूट त्यांनी मागितलीच नव्हती. त्या म्हणत होत्या ते उलट अधिक कठोर होते : शेवटी हिशोब मलाच द्यायचा आहे, तेव्हा बिशपांनी सांगितले म्हणून मी तसे मानले, ही सबब तेथे चालणार नाही. त्यांच्या लेखी स्वातंत्र्य ही जबाबदारीचीच दुसरी बाजू होती. जन्माने ख्रिस्ती असलेल्यांना धर्म बदलताना काय वाटते हे कळणार नाही, कारण त्यांना कधी निवड करावीच लागली नाही, हेही त्यांनी आजीबाईंना स्पष्ट ऐकवले.

सर्वांत जिव्हारी लागणारा भाग होता मनोरमेचा. मुलगी वाँटेजला भगिनींपाशी, आई चेल्टनहॅमला. अजून अक्षरे गिरवणाऱ्या मुलीच्या तोंडी तिला न कळणारे गूढ सिद्धान्त घालू नयेत, असा रमाबाईंचा आग्रह होता. मुलीबद्दल देवाला उत्तर देणारी मी आहे, असे त्यांनी बजावले. तिने आपली भाषा विसरू नये, आपल्या माणसांत आपलेपणाने वावरावे, वरून दया करणारी परकी बाई होऊ नये, हीसुद्धा त्यांची तळमळ होती. भगिनींच्या दृष्टीने बाप्तिस्मा झालेले मूल चर्चचे होते. लहान मुलाच्या श्रद्धेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर दोन्ही बाजू अखेरपर्यंत ठाम राहिल्या. हाच प्रश्न आठ वर्षांनी रमाबाईंपुढे उलट्या बाजूने उभा राहणार होता.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना मिळणाऱ्या वैद्यकीय पदवीच्या समारंभाचे; मुक्काम झाला जवळजवळ तीन वर्षांचा. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वर्षअखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. युनिटेरियनांपासून एपिस्कोपालियनांपर्यंत अनेक पंथांचे लोक तिच्यात होते. एका चर्चच्या मुठीत जायचे नाही, हा धडा वाँटेजने शिकवला होता. त्याच वर्षी मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा किंवा तुरुंगात जा असा निकाल दिला, तेव्हा रमाबाईंनी बीलबाईंना लिहिलेल्या पत्रात इंग्रज सरकारवर कडक टीका केली. राज्यकर्ते आपल्या धर्माचे आहेत म्हणून त्यांची भीड त्यांनी बाळगली नाही. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आपल्या संस्थेतील मुलीची झालेली आबाळ त्यांनी वृत्तपत्रातून उघड केली, तेव्हा त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. उच्चवर्णीय बालविधवांसाठीची ही शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे वचन होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. मुलींनी आपापले सोवळेओवळे, उपासतापास, पूजा खुशाल पाळावी. ग्रंथालयात हिंदू ग्रंथही असत आणि बायबलही. याच सदनातील गोदूबाईंनी १८९३ च्या मार्चमध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या.

पेच होता एका दाराचा. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. मग काहींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागली आणि पुण्यात एकच गहजब झाला. ‘केसरी’ने विश्वासघाताचा आरोप केला. सल्लागारांनी पालकांच्या संमतीचा मुद्दा लावून धरला आणि ऑगस्ट १८९३ मध्ये राजीनामे दिले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे : कोणाला हिंदू आचार पाळण्यास मी मज्जाव करीत नाही, तसा प्रार्थनेला येण्यासही करणार नाही, आणि माझी श्रद्धा दार लावून लपवणार नाही. जोतीराव फुले यांनी पूर्वीच, १८८५ मध्ये, ‘सत्सार’मधून त्यांच्या धर्मांतराची बाजू घेतली होती, १८९३ च्या वादळात मात्र ते हयात नव्हते.

तत्त्व म्हणून रमाबाईंची भूमिका सुसंगत आहे. तरी विरोधकांच्या प्रश्नात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. डोके भादरलेली, घरात अपशकुनी ठरलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. तिला पहिल्यांदा मायेने जवळ घेणारी बाई ज्या देवापुढे हात जोडते, त्याच्याकडे ती वळली तर ती निवड कितपत मोकळी? मनोरमेच्या बाबतीत वाँटेजच्या भगिनींना रमाबाईंनी विचारलेला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता. मात्र एक फरक विसरता येत नाही. ज्या पालकांची संमती हवी होती, त्यांतील अनेकांनी या मुलींचे आयुष्य त्यांना न विचारताच ठरवून टाकले होते.

दरम्यान रमाबाई स्वतःही बदलल्या होत्या. १८९१ च्या सुमारास त्यांना जो आंतरिक अनुभव आला, त्याविषयी त्यांनी पुढे लिहिले की तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. बौद्धिक शंका मागे पडल्या आणि भक्ती पुढे आली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली व स्त्रिया आणल्या; दुष्काळात आईवडील गमावलेली बाई काय शोधत हिंडत होती, हे सांगायला नको. केडगावच्या माळरानावर ‘मुक्ती’ उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना सर्व कामे बायका करीत. अंध स्त्रियांसाठी सोय होती आणि फुलहॅमची आठवण करून देणारे कृपासदनही होते. मुक्ती कोणत्याही एका पंथाच्या चर्चच्या अधिकाराखाली त्यांनी जाऊ दिली नाही. तटस्थतेचे वचन मात्र येथे उरले नव्हते. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. १९०५ च्या धार्मिक नवचेतनेत रात्रंदिवस प्रार्थना चालत. भुकेने मरणाच्या दारातून आलेल्या मुलींपैकी किती जणींनी ही श्रद्धा स्वतः पारखून घेतली आणि किती जणींनी ती अन्नाबरोबर घेतली, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत फार थोडे उपलब्ध आहे. चेल्टनहॅमच्या विद्यार्थिनीप्रमाणे उलट पत्र लिहिण्याची सोय त्यांना नव्हती.

आयुष्याची अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. थोडेसे शिकलेल्या खेड्यातल्या बाईलाही कोणाच्या मदतीवाचून वाचता यावे, अशी भाषा त्यांना हवी होती. एके काळी क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या पंडितेने शेवटी संस्कृतही बाजूला ठेवले. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

वाँटेजची ती पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी आयुष्यभर जपून ठेवली, क्रमाने लावली आणि त्यांना आपल्या टिपाही जोडल्या. त्या टिपांत त्यांनी रमाबाईंचे म्हणणे सर्वत्र मान्य केलेले नाही. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.